मुक्कामी गाडी: चार गावांनी बंद पडलेली फेरी परत कशी मिळवली

हे प्रकरण सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या एका डोंगरी तालुक्यातलं आहे. तालुका, गावं आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात भूगोल शिकवते. या मोहिमेत माझं काम बहुतेक वेळ वही-पेन घेऊन बसण्याचं होतं, त्यामुळे इथे जे लिहिलंय ते त्या वहीच्या बाजूने पाहिलेलं आहे.

पार्श्वभूमी

घाटरस्त्याला धरून चार गावं आहेत. सगळ्यात वरचं गाव तालुक्यापासून २२ किलोमीटर, त्यातला शेवटचा ९ किलोमीटरचा टप्पा वळणांचा. भात, नाचणी, थोडं दूध, आणि घरटी एक माणूस मुंबईला. गेली कित्येक वर्षं या रस्त्याला एसटीची एक मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी सहाला तालुक्यातून निघायची, सातच्या सुमाराला वरच्या गावात पोचायची, रात्रभर पाराशेजारी उभी राहायची आणि सकाळी साडेसहाला खाली सुटायची. कॉलेजची पोरं, दवाखान्याला जाणारे, बँकेचं काम असलेले, दुधाची बरणी घेतलेले असे सगळे तिनेच उतरायचे. चालक-वाहकांचं जेवण पाळीपाळीने एकेका घरी असायचं. कुणाच्या घरी कालवण तिखट असतं हे वाहकाला पाठ होतं, असं म्हातारी माणसं आजही सांगतात.

ही गाडी एका दिवसात बंद झाली नाही, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सगळ्यांचीच थांबली. मग जुलै २०२१ चा पाऊस आला. २२-२३ जुलैला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, महाडच्या तळियेत आणि पाटणच्या आंबेघरमध्ये दरडींखाली घरं गेली, तो पाऊस. आमच्या घाटात माणूस दगावला नाही, पण दोन मोऱ्या वाहून गेल्या आणि एका वळणावर रस्त्याची कड खचली. रस्ता दुरुस्त होईतो नोव्हेंबरपासून एसटी कर्मचाऱ्यांचा राज्यव्यापी संप सुरू झाला आणि तो उच्च न्यायालयाने दिलेल्या २२ एप्रिल २०२२ या मुदतीपर्यंत चालला. जून २०२२ मध्ये गाडी परत आली खरी, पण मुक्कामी नाही. सकाळी नऊला तालुक्यातून निघायची, दहाला वर, अकराला पुन्हा खाली. कॉलेज आठला भरतं. दवाखान्याचा केसपेपर अकराच्या पुढे मिळेलच असं नाही. त्या गाडीत पेन्शनवाले दोघे-तिघे आणि एखादी माहेरवाशीण. ऑगस्टमध्ये ती फेरीही ‘भारमान कमी’ या कारणाने बंद झाली.

भारमान म्हणजे गाडीच्या आसनांच्या तुलनेत किती प्रवासी बसले त्याचं शेकडा प्रमाण. आगारासाठी हा आकडा नाडीसारखा असतो. गाड्या थोड्या, मागणी जास्त, तेव्हा कमी भारमानाची फेरी काढून जास्त भारमानाच्या मार्गावर टाकणं यात कुणाचा दुष्टावा नसतो. पण हा आकडा गाडीत बसलेल्यांना मोजतो. वेळ जुळत नाही म्हणून जो पारावरच राहिला, त्याच्यासाठी त्यात रकाना नाही.

अडचण

अडीच वर्षांत गावांनी आपापली सोय लावून घेतली होती, आणि प्रश्न दिसेनासा होण्याचं हेही एक कारण होतं. ज्यांना परवडलं त्यांनी मोटरसायकली घेतल्या. बाकीचे वडापने, म्हणजे माणसं भरून चालणाऱ्या खासगी जीपने, जाऊ लागले. घाटात चार जीपा चालायच्या, चारही जीपवाले याच गावांतले. एकाने बहिणीच्या लग्नानंतर उरलेल्या पैशात कर्ज घालून जीप घेतलेली. मुलगे मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून कॉलेजला येत होते. मुली येत नव्हत्या.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण हजेरीपटात ते एका झटक्यात दिसत नाही. माझ्या वर्गात वरच्या दोन गावांतल्या मुली आधी सोमवारी-गुरुवारी येऊ लागल्या, मग फक्त परीक्षेला, मग बाहेरून फॉर्म भरू लागल्या. ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पास होता, गाडी नव्हती. वडापला रोजचे पैसे द्यायचे, आणि अंधारात जीपमध्ये बारा जणांत बसायचं, म्हणून घरचे नको म्हणायचे. त्यांचंही अगदीच चुकत होतं असं मला म्हणवत नाही.

विषय पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला तो १५ ऑगस्ट २०२२ च्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत. ही सभा घेणं नियमाने बंधनकारक आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरवर सह्या गोळा करून ‘घेतली’ जाते. त्या दिवशी मात्र आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, उठल्या आणि म्हणाल्या, “पोटुशी बाई तपासणीला न्यायची तर माज्याच खिशातनं जीपचं भाडं जातंय. कवापत्तुर?” त्यानंतर तासभर दुसरा विषय निघाला नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच रास्ता रोको. तरुण मंडळींचा आग्रह होता की बाजाराच्या दिवशी खालच्या फाट्यावर बसायचं. तिथून मोठा रस्ता जातो, दखल लगेच घेतली जाईल. विरोध एका माजी सैनिकाने केला, आणि त्याचं कारण मला आधी सुचलं नव्हतं: बसणाऱ्यांतली निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करतायत, गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत अडकतील. मतदान झालं नाही. पण तो बोलल्यावर आवाज खाली आले.

दुसरा, आमदारांचं पत्र. ते एका फोनवर मिळालं आणि आगारात जमा झालं. तशी पत्रं तिथे आधीपासून पुष्कळ होती.

तिसरा, मानव विकास कार्यक्रमातली निळी गाडी. मुलींना शाळेत नेण्यासाठीच त्या गाड्या आहेत. पण त्या राज्यातल्या १२५ तालुक्यांसाठी आहेत, आणि आमचा तालुका त्या यादीत बसत नाही. हे कळायला आम्ही पंधरा दिवस घालवले. एका फोनवर कळलं असतं.

चौथा, चार ग्रामपंचायतींनी मिळून खासगी गाडी ठरवणं. पालकांनी वर्गणी काढली तर मुलींपुरती सोय झाली असती. सरपंचबाईंनी तो प्रस्ताव मांडला आणि त्यांनीच मागे घेतला. “आपुन आपली गाडी लावली, की साहेब म्हणणार, बघा, गरज न्हाई,” असं त्यांचं म्हणणं. शिवाय दवाखान्याची म्हातारी त्या गाडीत कुठे बसणार?

पाचव्या पर्यायाला तेव्हा नाव नव्हतं. निवृत्त गुरुजी म्हणाले, ते भारमान म्हणतात ना, तर आपणही मोजू.

याच वेळी हवामानाचा मुद्दा घ्यायचा की नाही यावर वाद झाला, आणि तो मीच ओढवून घेतला होता. गावाने राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात भाग घेतलेला, झाडं लावलेली, पथदिवे एलईडी केलेले. मला वाटत होतं की सार्वजनिक गाडी म्हणजे कमी धूर हे त्यात जोडावं. ग्रामसेवकांना गाडीची मागणी अभियानाच्या कागदात कुठे बसवायची ते सुचेना. एक आजोबा सरळ म्हणाले, “बाई, हितं पोरगी घरात बसलीया आन् तुमी धुराचं काय सांगताय?” मी गप्प बसले. मुद्दा त्या वेळी बाजूला ठेवला हे बरोबर केलं, पण त्याचं गणितही तेव्हाच बाजूला ठेवलं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

काय केलं: कागद

सुरुवात माहितीच्या अधिकाराने झाली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीन साधे प्रश्न: फेरी कोणत्या कारणाने बंद झाली, बंद होण्याआधीच्या तीन महिन्यांचं भारमान किती, आणि मुक्कामी फेरी पुन्हा सुरू न करण्याचं कारण काय. तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला अनपेक्षित होतं: रस्ता अवजड वाहनांच्या रात्रीच्या वाहतुकीस योग्य असल्याचं पत्र बांधकाम विभागाकडून प्राप्त नाही.

मग बांधकाम विभागाकडे अर्ज केला. इथे दुसरी गाठ सापडली. फाट्यापासूनचा पहिला टप्पा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, वरचा घाटाचा टप्पा जिल्हा परिषदेकडे. पहिल्यांनी कळवलं, आमच्या टप्प्यात अडचण नाही. दुसऱ्यांनी कळवलं, असं पत्र द्यावं अशी मागणी आमच्याकडे कुणी केलेली नाही. म्हणजे कड भरून, मोऱ्या बांधून, डांबर टाकून वर्ष होत आलं होतं, आणि केवळ एका कार्यालयाने दुसऱ्याला विचारलं नाही म्हणून रस्ता कागदावर अजून खचलेलाच होता. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

ही दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवून आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाला गेलो. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथे भाषण करायचं नाही एवढं ठरवलं होतं. गुरुजींनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “यांची भेट घालून द्या.” संयुक्त पाहणीचा आदेश निघाला. पाहणीला रिकामी गाडी चाचणी म्हणून वर आली तेव्हा पोरांनी तिला हार घातला. वाहक ओशाळला, म्हणाला, अजून काही ठरलं नाही हो.

पाहणीत दोन वळणांवर फांद्या टपाला लागत होत्या. पर्यावरणाचं नाव घेणाऱ्या मोहिमेतलं पहिलं प्रत्यक्ष काम म्हणजे एका जांभळाच्या आणि एका ऐनाच्या फांद्या रीतसर परवानगी काढून छाटणं, हे आहे.

काय केलं: मोजणी

भात कापून झाल्यावर, नोव्हेंबरमध्ये, आम्ही मोजायला बसलो. बाजाराचा दिवस धरून सलग सहा दिवस, पहाटे सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ. तीन ठिकाणं: वरच्या गावाचा पार, मधलं तिट्टं, खालचा फाटा. वहीत रकाने असे: वेळ, वाहन, माणसं किती, बायका किती, कशासाठी.

दोन दिवसांनी वह्या पाहिल्या तेव्हा एक गोष्ट खटकली. बायकांच्या रकान्यात जवळपास काहीच नव्हतं. मोजणारी पोरं म्हणाली, बायका जातच नाहीत. म्हणजे आम्ही आगाराचीच चूक मोठ्या मेहनतीने करत होतो. जो रस्त्यावर आला तोच मोजला जात होता.

त्या संध्याकाळी आशाताईंच्या ओट्यावर बसून पद्धत बदलली. फाट्यावरची मोजणी चालू ठेवली, पण जोडीला आशाताई आणि बारावीच्या दोन मुली घरोघर गेल्या. प्रश्न एकच: गेल्या महिन्यात तालुक्याला जायचं होतं आणि गेला नाहीत, असं किती वेळा झालं, कशासाठी? त्यातून जे आलं ते आम्हाला फाट्यावर कधीच दिसलं नसतं. बीपी-शुगरच्या गोळ्या संपलेल्या, पण ‘पुढच्या बाजाराला बघू’. गरोदर बायकांच्या चुकलेल्या तपासण्या. बचत गटाचे बँकेत न भरलेले हप्ते. एका बाईने सांगितलं की ती दातदुखीवर सहा आठवडे लवंग धरून बसली होती. आणि मुली. चार गावांत मिळून तीसच्या वर मुली अशा, ज्यांच्याकडे पास होता किंवा मिळाला असता, पण सकाळची गाडी नव्हती.

मोजणीच्या दिवसांत एक बातमीदार आला. त्याला घाटातून चालत जाणाऱ्या मुलींचा फोटो हवा होता, आणि जमल्यास अनवाणी. एका मुलीने विचारलं, “चपला हायत की माज्याकडं, काढू कशाला?” फोटो झाला नाही, बातमी आतल्या पानात चार ओळींची आली. काहींना वाटलं संधी घालवली. मला नाही वाटत.

२६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभांत चारही गावांनी एकाच मजकुराचा ठराव केला. तो लिहिताना ‘गाडी सुरू करावी’ असं न लिहिता वेळ लिहिली: संध्याकाळी सहाला खालून, सकाळी साडेसहाला वरून. आगार व्यवस्थापकांनी भेटीत वही उलटून पाहिली आणि पहिल्यांदाच काही विचारलं, “हे सगळे साडेसहाला खरंच येतील?” आम्ही हो म्हणालो. खरं तर आम्हालाही खात्री नव्हती.

मदत अनपेक्षित बाजूने आली. १७ मार्च २०२३ पासून राज्यभर महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं. वडापच्या निम्म्याहून कमी पैशात जाता येणार म्हटल्यावर, ज्या घरांतून ‘बघू’ असं उत्तर आलं होतं तिथूनच विचारणा सुरू झाली. जूनमध्ये शाळा-कॉलेजांबरोबर सकाळची गाडी सुरू झाली.

डिझेलचं गणित

पण मुक्कामी नाही. गाडी आगारातून पहाटे साडेपाचला निघे, रिकामी वर येई, साडेसहाला भरून खाली जाई. संध्याकाळी भरून वर, आणि रात्री रिकामी खाली. गाव खूश होतं. मी पहिल्या आठवड्यात एकदा त्या पहाटेच्या गाडीने वर गेले, प्रवासी मी एकटी. तेव्हा बाजूला ठेवलेलं गणित आठवलं.

घाटात गाडीला लिटरमागे पावणेपाच किलोमीटर धरले, तर खाली-वर ४४ किलोमीटरला सव्वानऊ लिटर डिझेल लागतं. पण मुक्काम नसल्याने गाडी रोज ४४ नाही, ८८ किलोमीटर पळत होती. साडेअठरा लिटर. पंचेचाळीस माणसं धरली तरी माणशी ४१० मिलिलिटर. आता जीप: लिटरला अकरा किलोमीटर, बारा माणसं, म्हणजे ४४ किलोमीटरला चार लिटर, माणशी ३३०. म्हणजे आम्ही ज्या गाडीसाठी दहा महिने झगडलो, ती भरलेली असतानाही माणशी वडापपेक्षा जास्त धूर सोडत होती. कारण साधं आहे. जीप रोज मुक्कामीच असते. जीपवाला गावचाच आहे.

गाडी रात्री वर थांबली तर मात्र माणशी २०५ मिलिलिटर. एकट्याने मोटरसायकलवर जाणारा त्याच अंतराला ८८० मिलिलिटर पेट्रोल जाळतो. वर्षाला तीनशे दिवस धरले तर मुक्कामाने अडीच हजार लिटरहून जास्त डिझेल वाचतं, आणि एका लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर सात टनांच्या वर. जगाच्या हिशेबात हे काहीच नाही. आगाराच्या हिशेबात मात्र आहे, कारण डिझेल तेव्हा नव्वदीच्या पुढे होतं, आणि मुक्कामी गाडीच्या दोन्ही फेऱ्या भरलेल्या असल्याने भारमानही दुप्पट दिसतं.

हा कागद घेऊन आम्ही पुन्हा आगारात गेलो. या वेळी मी धुराबद्दल एक शब्द बोलले नाही, सगळं लिटरमध्ये सांगितलं. व्यवस्थापकांनी मान डोलावली आणि खरी अडचण सांगितली, जी दहा महिन्यांत कुणी विचारली नव्हती: “माणसं झोपणार कुठे? जुना मुक्काम पाराजवळ गाडीतच व्हायचा. आता वाहक बाई असली तर?”

गावात जुन्या तलाठी सज्जाची खोली पडून होती. तिला कडी-कोयंडा, दोन खाटा, पंखा, शेजारी पाण्याची टाकी आणि संडास. संडासावरून महिनाभर घोळ झाला, कारण पंचायतीच्या निधीतून तो कोणत्या सदरात घालायचा ते ठरेना. शेवटी मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने पैसे पाठवले आणि गवंडीकाम गावाने केलं. जेवणाची पाळी पुन्हा सुरू करायची म्हणून म्हाताऱ्या उत्साहात होत्या, पण चालक म्हणाले, डबा बरा, रोज कुणाच्या दारात जायचं अवघड वाटतं. तेही मान्य झालं. २०२३ च्या दिवाळीनंतर गाडी मुक्कामाला आली.

निष्पत्ती

गाडी चालू आहे. सकाळच्या फेरीत वरच्या गावातच आसनं भरतात आणि मधल्या तिट्ट्यावरचे उभे राहतात, याची तक्रार आता त्या गावाची आहे. वरच्या दोन गावांतल्या मुली पुन्हा रोज वर्गात दिसतात. पण ज्यांनी मधल्या काळात सोडलं त्यांतली एकच परत आली. बाकीच्यांपैकी काहींची लग्नं झाली, काही मुंबईला कामाला गेल्या. मोहिमेचं यश सांगताना हा आकडा कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

जुलै २०२४ मध्ये गाडी नऊ दिवस बंद राहिली. दरड नव्हती, पाल्याने एक मोरी तुंबली, पाणी रस्त्यावरून गेलं आणि भराव खचला. गाडी मिळवण्याच्या नादात मोऱ्या कोण साफ करणार हा प्रश्न आम्ही कुणाला विचारलाच नव्हता. आता मे अखेरीला चारही गावं आपापल्या टप्प्यातल्या मोऱ्या आणि चर मोकळे करतात. वरच्या गावात हे काम रोजगार हमीतून झालं, बाकी तिघांत श्रमदानातून. पाऊस पूर्वीसारखा रिपरिप पडत नाही, एका दिवसात ओततो, आणि रस्त्याखालच्या नळाएवढ्या मापाच्या मोऱ्या त्याला पुरत नाहीत. मोठ्या मोऱ्यांची मागणी जिल्हा परिषदेत पडून आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी आधी, आणि घरापासून. फाट्यावर बसणं सोपं आणि दिसायला छान असतं, पोरांना टोप्या घालून फोटो काढता येतात. पण सेवा नसल्याने ज्याचं नुकसान होतं तो फाट्यावर नसतोच. आशाताई पहिल्या दिवसापासून सोबत होत्या, तरी त्यांच्या वहीचा विचार आम्हाला तिसऱ्या दिवशी सुचला.

डिझेलचं गणितही २०२२ मध्येच व्हायला हवं होतं. आजोबांनी टोकलं ते भाषेला, हिशेबाला नाही, हा फरक मला तेव्हा कळला नाही. मी दुखावले आणि सगळंच आवरून ठेवलं. ते गणित हाती असतं तर पहिल्याच भेटीत मुक्कामाची मागणी आगाराच्या फायद्याची म्हणून मांडता आली असती, झोपायच्या खोलीचा प्रश्न दहा महिने आधी पुढे आला असता, आणि कदाचित जून २०२३ लाच गाडी वर थांबली असती. एक शैक्षणिक वर्ष वाचलं असतं का, याचा मी अजून विचार करते.

तोंडी कबुलीवर राहिलो, हेही चुकलं. ज्या व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं त्यांची बदली झाली आणि नव्यांनी उन्हाळ्यात, कॉलेजं बंद असताना, भारमान पाहून विचारणा केली. सुदैवाने वह्या होत्या. पण ‘सुट्टीच्या काळातलं भारमान वेगळं धरावं’ असं कुठेच लिहून घेतलेलं नाही, आजही नाही.

आणि जीपवाले. त्यांना आम्ही अगदी शेवटी बोलावलं, तेही त्यांच्यातल्या एकाने आगारात जाऊन गाडीविरुद्ध तक्रार दिल्यावर. तोवर गावात दोन तट पडलेले. बैठकीत तो कर्जवाला जीपवाला म्हणाला, “गाडी बंद हुती तवा माजीच जीप हुती की रं तुमाला. रात्री दोनला बाळंतीण कुणी नेली?” याला उत्तर नव्हतं. ठरलं ते असं: सकाळ-संध्याकाळ गाडीची, दुपारच्या आणि बाजाराच्या दिवशीच्या खेपा जीपांच्या, आणि रात्रीअपरात्री दवाखान्याला न्यायचं भाडं पंचायतीने ठरवून द्यायचं. चारांपैकी दोघांनी तरीही जीपा विकल्या. हे बोलणं पहिल्या महिन्यात झालं असतं तर नुकसान टळलं असतं असं नाही, पण त्यांना ते आधी दिसलं असतं आणि ठरवायला वेळ मिळाला असता.

तो कर्जवाला अजून चालवतो. दुपारी बाराची खेप त्याची. पावसाळ्यात घाट चढताना मोऱ्या तोच पहिल्यांदा पाहतो. पाणी तुंबलेलं दिसलं की जीप कडेला लावून आधी आगारात फोन करतो, मग सरपंचबाईंना, आणि टिकाव काढतो.